मॅट्रिकची वेस

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात शाळा ही उच्च विद्येची पहिली पायरी नव्हती. पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवत, पावकी-निमकी घोकत, मोडी वाचायला-लिहायला शिकत आणि कुळकर्णाच्या किंवा दुकानाच्या कामाला लागत. शास्त्रे शिकणारा विद्यार्थी वेगळ्या घरांतून आणि वेगळ्या वाटेने येई. 1821 मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात इंग्रज सरकारने पेशव्यांच्या काळापासून विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून पाठशाळा काढली. तिथे न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष हे विषय होते, पण पंतोजींच्या शाळेतून तिथे चढत जाणारा जिना नव्हता.

असा जिना प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तयार झाला. तिथे इंग्रजीची मुळाक्षरे आणि उच्च गणित एकाच संस्थेत शिकवले जाई. दादाभाई नवरोजी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. मुलगा शाळकरी कधी उरला नाही आणि विद्यार्थी कधी झाला, हे सांगणारी रेषाच नव्हती. तरीही वरच्या वर्गांतल्या मुलांनी 1848 मध्ये स्वतःची सभा स्थापन केली, निबंध वाचले, मुलींच्या शाळा चालवल्या. शिक्षकाने नेमून न दिलेला अभ्यास करण्याची ही सवय विद्यापीठाच्या जन्माआधीची आहे.

1856 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज शाळेपासून वेगळे झाले आणि 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. विद्यापीठाचा नमुना लंडनचा होता. ते शिकवणार नव्हते, फक्त परीक्षा घेणार होते. शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये जी वेस उभी राहिली, ती म्हणजे या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मॅट्रिक. 1859 मध्ये ती प्रथम झाली. शंभराहून जास्त उमेदवार बसले आणि त्यांतले बरेचसे नापास झाले. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. 1862 मध्ये रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले.

वेशीपलीकडचा अभ्यास कसा होता, हे रानड्यांच्या उदाहरणावरून चांगले कळते. शाळेत एक क्रमिक पुस्तक, त्यावरचे प्रश्न आणि शिक्षकाचा रोजचा पाठ. कॉलेजात प्राध्यापक व्याख्यान देई, ग्रंथांची नावे सांगे, आणि पुढचे वाचन विद्यार्थ्याचे. रानड्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र इतके वाचले की त्यांचे डोळे बिघडले. ते आणि भांडारकर दक्षिणा फेलो होते. फेलोला शिष्यवृत्ती मिळे, आणि पुढचा अभ्यास करताना खालच्या वर्गांना शिकवावेही लागे. शिकणे आणि शिकवणे एकाच माणसात आणणारी ही व्यवस्था त्या काळातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल. ती मूठभरांनाच मिळाली.

बहुतेकांच्या वाट्याला आला तो वेगळा अनुभव. परीक्षा घेणारे आणि शिकवणारे वेगळे असल्याने कॉलेजातही विद्यार्थी प्रश्नपत्रिकेकडे पाहून वाचू लागला. शिवाय टर्म्स, म्हणजे कॉलेजातल्या हजेरीची ठरावीक सत्रे, भरल्याशिवाय पदवीच्या परीक्षेला बसता येत नसे. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना या गोष्टीवर बोट ठेवले. प्रवेश परीक्षेला खाजगी अभ्यास करून बसता येते, मग बी. ए., एम. ए.लाही बसू द्यावे, म्हणजे अनेक तरुण स्वतःहून अभ्यास करतील आणि ज्ञानाचा प्रसार वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेपेक्षा कॉलेजात स्वातंत्र्य अधिक असते हे गृहीत धरले जाते. फुल्यांची मागणी दाखवते की ज्यांना कॉलेजात हजर राहणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ते दार शाळेपेक्षाही अरुंद होते.

मराठीचीही या वेशीवर अडवणूक झाली. मॅट्रिकला देशी भाषा होत्या, पण 1860 नंतरच्या दशकात पदवीच्या अभ्यासक्रमातून त्या वगळल्या गेल्या. घरी आणि शाळेत जी भाषा अभ्यासाची होती, ती कॉलेजच्या दारात थांबली. तिला परत आणण्यासाठी रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एम. ए.मध्ये मराठीला जागा मिळाली.

शाळा आणि कॉलेज जोडून पाहण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. शाळा काढणाऱ्या मंडळींनीच 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. वामन शिवराम आपटे, टिळक, आगरकर यांनी शाळेतही शिकवले आणि कॉलेजातही. टिळक फळ्यावर सारी आकडेमोड न मांडता गणित तोंडी सोडवत. हुशार मुलांना ते आवडे, इतरांची मात्र दमछाक होई. शाळेत न चालणारी ही रीत कॉलेजात चालून गेली.

विद्यापीठाने स्वतः शिकवावे, ही वाट विद्यापीठांच्या 1904 च्या कायद्याने खुली केली. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पदव्युत्तर वर्गात बसणारा विद्यार्थी आता थेट संशोधकाकडून शिकू लागला. गेडिस शिष्यांना पुस्तकांपुरते न ठेवता गावे, पेठा आणि वस्त्या पाहायला लावत.

स्वातंत्र्यानंतर वेशीची राखण विद्यापीठाकडून गेली. 1948 च्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी वेगळे मंडळ आले आणि मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. ती अकरावीला होई. कॉलेजात त्यानंतर पदवीपर्यंत चार वर्षे लागत. 1975 पासून दहा, दोन आणि तीन वर्षांच्या टप्प्यांचा नवा आकृतिबंध लागू झाला. शाळेची जुनी अकरावी आणि कॉलेजचे पहिले वर्ष मिळून कनिष्ठ महाविद्यालय तयार झाले. एकूण वर्षे पंधराच राहिली, पण सीमा सरकली. अकरावी-बारावी अनेक ठिकाणी कॉलेजच्याच इमारतीत भरते; पुस्तके मात्र नेमून दिलेली आणि बारावीची परीक्षा मंडळाची. क्रमिक पुस्तक सोडून ग्रंथालयात जाण्याची वेळ त्यामुळे बारावीनंतर येते, आणि ती सवय लावण्याचे काम पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर येऊन पडते.