ध्वजामागून टाकलेले पाऊल

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या उद्‌घाटन सोहळ्यात रोषणाई आणि नृत्ये डोळ्यांत भरत असली, तरी त्या सोहळ्याचा गाभा संचलन, म्हणजे प्रत्येक पथकाने आपापल्या ध्वजामागून मैदानात येणे, हाच आहे. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये देशवार पथके ध्वजांमागून चालली, १९२० मध्ये अँटवर्पला खेळाडूंच्या शपथेची भर पडली आणि १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला ग्रीसने सर्वांत पुढे व यजमान देशाने सर्वांत मागे चालण्याचा प्रघात पडला.

कोणत्या ध्वजामागून चालायचे, हे मात्र नेहमी मैदानाबाहेर ठरत आले. अँटवर्पला गेलेल्या सहा भारतीय खेळाडूंच्या पथकामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची धडपड आणि दोराबजी टाटांचे साहाय्य होते. तरीही ते पथक पारतंत्र्यातील देशाचे होते. तिरंग्यामागून चालण्याचा मान भारतीय ऑलिम्पिक पथकाला १९४८ मध्ये लंडनला मिळाला आणि ४ मार्च १९५१ रोजी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धांचे उद्‌घाटन झाले, तेव्हा अकरा देशांच्या त्या मेळाव्याचा यजमान स्वतंत्र भारत होता.

त्या दिवशी दादरा नगर हवेलीतील सिल्वासावर आणि त्याला लागून असलेल्या सामरवरणीवर मात्र पोर्तुगालची सत्ता होती. मराठा आरमाराने पोर्तुगीज जहाजाचा नाश केल्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहात काही गावांचा महसूल देऊ केला, त्यातून १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे महसुलाचा हक्क राज्याचा हक्क होऊन बसला. २ ऑगस्ट १९५४ रोजी आझाद गोमंतक दलाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले; या लढ्याच्या सिद्धतेत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात विलीन झाला आणि पोर्तुगालने १९७४ च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

म्हणूनच १८ जानेवारी २०१४ रोजी गोव्यात सुरू झालेल्या तिसऱ्या लुसोफोनी स्पर्धांचे मोल या प्रदेशाच्या इतिहासात विशेष आहे. लुसोफोनी म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांचा परिवार. त्यांच्या ऑलिम्पिक समित्यांची संघटना २००४ मध्ये उभी राहिली, तिने २००६ मध्ये मकाव व २००९ मध्ये लिस्बन येथे स्पर्धा भरवल्या आणि गोव्याच्या पूर्वेतिहासामुळे भारतालाही तिथे स्थान मिळाले. ज्या सत्तेचा ध्वज सिल्वासातून आणि पुढे १९६१ मध्ये गोव्यातूनही उतरवावा लागला, त्याच देशाचे पथक आता गोव्याचे पाहुणे होते.

दादरा नगर हवेलीतील वारली समाजाला वाद्यामागून चालण्याची रीत परकी नाही. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनलेला तारपा वाजवणारा पुढे सरकतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची रांग, त्याच्याकडे पाठ न करता, त्याच्या सुरावर वळत जाते. तिथे कोणी कोणाला जुंपलेले नसते. प्रत्येक पाय आपखुशीने पडतो. ध्वजामागून चालणाऱ्या पथकाची शोभाही या आपखुशीतच आहे आणि सामरवरणीच्या परिसराने ती १९५४ मध्ये स्वतः मिळवली आहे.