विशल्यकरणी आणि अकिलीसची वनस्पती

देवळात युद्धकांडाचे श्रवण केलेल्या वाचकांस विशल्यकरणीचे नाव ठाऊक आहेच. मारुतीरायांनी पर्वत उचलून आणला तो मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानकरणी या चार औषधींसाठी. विशल्यकरणी म्हणजे अंगात रुतलेले शल्य दूर करणारी. नाव तिचे कार्य सांगते, रूप सांगत नाही. म्हणूनच ती नेमकी कोणती, याविषयी आजही एकमत नाही.

ग्रीकांच्या महाकाव्याची कथाही अशीच आहे. होमरच्या इलियडमध्ये, अकराव्या सर्गात, युरिपिलस नावाच्या वीराच्या मांडीत बाण रुततो. पॅट्रोक्लस तो कापून काढतो, जखम धुतो आणि एक कडू मूळ चुरडून तीवर लावतो. वेदना शमतात, रक्त थांबते. ही विद्या त्याला अकिलीसने दिली आणि अकिलीसला ती अर्धा मानव, अर्धा अश्व अशा कायरॉन या गुरूकडून मिळाली. परंतु होमर त्या मुळाचे नाव सांगत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने अकिलीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्रणहारक वनस्पतीची नोंद केली. आणि 1753 साली लिनीअसने यॅरो या झुडपास ‘अकिलिया मिलेफोलियम’ हे शास्त्रीय नाव दिले. मिलेफोलियम म्हणजे सहस्रपर्णी. त्याची पाने पिसासारखी बारीक चिरलेली असतात. पण होमरने मूळ सांगितले होते आणि यॅरोची ख्याती आहे ती पाने व फुले यांसाठी! तेव्हा कथेतील वनस्पती हीच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

कथा बाजूला ठेवली तरी लोकांचा अनुभव उरतोच. युरोपात या झुडपास सैनिकांची वनस्पती म्हणत. फ्रान्समध्ये ते सुतारांचेही झुडूप, कारण हत्याराने बोट कापले की त्याचाच पाला लावावयाचा. मात्र अनुभवही नेहमी एकमुखी नसतो. नाकातून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी कित्येक लोक हा पाला वापरीत. उलट 1597 साली इंग्रज वनस्पतिज्ञ जेरार्ड याने लिहिले की, पाने नाकात घातल्यास रक्त वाहते आणि अर्धशिशी उतरते. आपल्या देशात ही वनस्पती काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या हिमालयात उगवते आणि युनानी वैद्यकात ती बिरंजासिफ या नावाने परिचित आहे.

आधुनिक शास्त्राने या परंपरेची परीक्षा आरंभिली आहे. 1954 साली अमेरिकेतील संशोधकांनी यॅरोतून अकिलीन हे द्रव्य वेगळे केले. सशांवरील प्रयोगांत त्याने रक्त गोठण्यास लागणारा वेळ कमी झाल्याचे आढळले. परंतु सशावरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा पुरावा नव्हे. 2011 साली युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने मंदावलेली भूक, पोटातील सौम्य मुरडा, मासिक पाळीतील वेदना आणि लहान, वरवरच्या जखमा यांसाठी यॅरोचा वापर मान्य केला. पण त्याचा आधार दीर्घकाळची वहिवाट हा आहे, रुग्णांवरील पुरेशा चाचण्या नव्हेत, हेही स्पष्ट केले. शेवंतीच्या कुळातील वनस्पतींचे ज्यांना वावडे आहे त्यांनी ती टाळावी. गरोदर स्त्रियांनीही घेऊ नये.

आपल्याकडे खरचटले की बांधावरचा दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळण्याची चाल आहे. तीही शेवंतीच्याच कुळातली. पुष्कळांस ती ऋषिमुनींच्या काळापासूनची वाटते. वस्तुतः ती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. अर्थात कोणत्याही प्राचीन संहितेत ती असणे शक्य नाही. तरी आजीने ती वापरली, कारण गुण येताना तिने पाहिला होता.

म्हणून विशल्यकरणीविषयी आपली श्रद्धा अढळ असावी; पण दिसेल त्या झुडपास ते पवित्र नाव देऊन विकणाऱ्यांपासून सावध राहावे. औषधीचा मान तिच्या प्राचीनतेवरून नव्हे, तर गुणावरून ठरावा. आणि जखम खोल असेल, तर पाला शोधीत न बसता वैद्याचे दार गाठावे. मारुतीरायांनीही औषधी ओळखता येईना तेव्हा अदमासाने एखादे पान खुडले नाही. सारा पर्वतच जाणत्या सुषेणापुढे आणून ठेवला.