खोटे युरो, खरं फ्रेंच

नववीत असताना मी डेल्फ ए-वनची तोंडी परीक्षा दिली. समोरच्या बाईंनी टेबलावर युरोच्या खोट्या नोटा ठेवल्या आणि सांगितलं, तू दुकानात आली आहेस, खरेदी कर. शाळेत फ्रेंचमध्ये मला नव्वदच्या वर मार्क असायचे. क्रियापदांची रूपं मी झोपेतही म्हणून दाखवली असती. पण ‘ही टोपी केवढ्याला?’ एवढं विचारताना घशाला कोरड पडली.

आपल्याकडे बरेचजण शाळेत फ्रेंच घेतात ते ‘स्कोअरिंग’ म्हणून. मीही त्यातलीच. मग या परीक्षेला मार्कांऐवजी माझी टोपी का हवी होती? त्याचं उत्तर शोधताना मी बरीच मागे गेले.

१८७०-७१च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला. त्यानंतर १८८३ मध्ये पॅरिसमध्ये आलियाँस फ्राँसेज स्थापन झाली. वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंचचा प्रसार करायचा, हा तिचा उघड हेतू होता. त्याच काळात खुद्द फ्रान्समध्ये, ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत, ब्रेतों ही आपली मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी बुटासारखी एखादी वस्तू अडकवत. दुसरं कुणी तसं बोलताना सापडलं, की ती त्याच्या गळ्यात जाई. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींच्या शाळांतही ही पद्धत पोचली. फ्रेंच न येणं हा तिथे गुन्हाच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्न बदलला. परक्या माणसाला सुरुवातीला किती फ्रेंच पुरे? भाषातज्ज्ञ जॉर्ज गुगेनहाइम यांच्या गटाने लोकांची रोजची बोलणी टेपवर रेकॉर्ड केली आणि त्यातले तीन लाखांहून जास्त शब्द मोजले. तेव्हा एक गंमत लक्षात आली. ‘जेवणाचा काटा’ यासारखे घरगुती शब्द गप्पांमध्ये क्वचितच येतात, पण गरज पडली की सगळ्यांना आठवतात. मग त्यांनी शाळकरी मुलांना विषय देऊन सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. यातून दीड हजारांच्या आसपास शब्दांची प्राथमिक यादी तयार झाली.

१९७६ मध्ये युरोप परिषदेने फ्रेंचसाठी ‘उंबरठा पातळी’ मांडली. पत्ता विचारणं, नकार देणं, माफी मागणं अशा कामांपासून तिची सुरुवात होते. व्याकरण त्या कामांच्या मागोमाग येतं. २२ मे १९८५ रोजी फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने डेल्फ सुरू केली. २००१ मध्ये युरोपची ए-वन ते सी-टू ही सामायिक चौकट आली आणि २००५ पासून डेल्फ तिच्यात बसवली गेली. शाळकरी मुलांच्या आवृत्तीत विषय त्यांच्या वयाचे असतात. पातळी मोठ्यांच्याच परीक्षेइतकी असते.

ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकाला २५ मार्क. पास व्हायला १००पैकी ५० लागतात, पण एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे नुसत्या लेखी पेपरच्या जोरावर गप्प बसून पास होता येत नाही. माझी गोची नेमकी इथेच झाली होती.

यात सगळं निर्मळ आहे असं नाही. आपली भाषा जगात टिकावी, ही फ्रान्सची १८८३ची इच्छा या परीक्षेतही आहेच. फी भरणं प्रत्येक घराला जमत नाही. पण गळ्यातल्या लाकडी बुटापासून टेबलावरच्या खोट्या नोटांपर्यंत एक गोष्ट नक्की बदलली. आधी मूल कुठे चुकतं ते पकडत होते. आता त्याला काय जमतं ते विचारतात.

तोंडी परीक्षेत मला २५पैकी ११ मिळाले. क्रियापदही चुकलं होतं. पण बाईंना कळलं. त्यांनी किंमत सांगितली, मी नोटा मोजून दिल्या आणि टोपी घेतली.