नोंदणीचे मोजमाप

अमेरिकेत २०१० साली झालेल्या आरोग्यविमा कायद्याने विम्याच्या नव्या बाजारपेठेबरोबर ‘नॅव्हिगेटर’ ही व्यवस्थाही निर्माण केली. नॅव्हिगेटर म्हणजे लोकांना विनामूल्य मार्ग दाखवणारी संस्था. विमा कंपनीकडून तिने कमिशन घ्यायचे नाही, अशी अट आहे. केंद्रीय बाजारपेठेत तिचे अनुदान कंपन्यांकडून वसूल केलेल्या शुल्कातून निघते.

या अनुदानाचे चढउतार सत्तांतराबरोबर होत आले आहेत. २०१६ मध्ये सुमारे ६.३ कोटी डॉलर असलेली रक्कम ट्रम्प प्रशासनाने २०१७ मध्ये ३.६ कोटींवर आणि २०१८ मध्ये १ कोटीवर आणली. बायडेन यांच्या काळात ती २०२१ मध्ये ८ कोटी आणि २०२४ मध्ये १० कोटी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा १ कोटीची घोषणा झाली.

कपातीमागचा युक्तिवाद असा, की एकूण नोंदण्यांपैकी एक टक्काही नॅव्हिगेटरांच्या नावावर जमा होत नाही. तेव्हा प्रत्येक नोंदणी फार महाग पडते. भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकला आहे.

तासावर मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. हप्त्यातील सवलत पुढच्या वर्षीच्या अंदाजित उत्पन्नावर ठरते. अंदाज कमी धरला, तर करविवरण भरताना सवलतीचा काही भाग परत करण्याची वेळ येते. जास्त धरला, तर दरमहा हप्ता झेपत नाही. शिवाय मुले एका सरकारी योजनेत आणि आईवडील बाजारपेठेत, असेही घडते. उत्पन्न फारच कमी असेल, तर अनेक राज्यांत सगळे कुटुंब मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत जाते. अशा वेळी गुंता सोडवणाऱ्या नॅव्हिगेटरच्या खात्यात बाजारपेठेची एकही नोंदणी पडत नाही. आणि कमिशनवर चालणाऱ्या एजंटाला अशा कुटुंबासाठी अर्धा दिवस बसणे परवडत नाही. म्हणजे ज्या कामासाठी व्यवस्था उभी केली, तेच हिशेबातून गळते. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी संस्थेनेही २०१८ च्या अहवालात कपातीसाठी वापरलेल्या आकडेवारीतील दोष दाखवले होते.

मात्र २०२५ साठीच्या नोंदण्या २ कोटी ४० लाखांच्या घरात गेल्या, त्याचे श्रेय नॅव्हिगेटरांना देणे चूक ठरेल. २०२१ पासून वाढलेली हप्त्याची सवलत हे त्याचे मोठे कारण होते. नॅव्हिगेटरांचे यश शोधायचे तर मेडिकेडकडे पाठवलेली कुटुंबे, दुरुस्त झालेले अर्ज, निकाली निघालेली अपिले आणि वर्षाअखेरीपर्यंत टिकलेला विमा मोजावा लागेल.