कापल्यामुळे टिकलेली दलदल

निसर्गाचा एखादा तुकडा जपायचा म्हणजे काय करायचे? ‘कुंपण घालायचे आणि माणसाला आत येऊ द्यायचे नाही’ असे उत्तर वर्गात हमखास येते. आपणही कदाचित तेच देऊ. इंग्लंडमधील विकन फेनचा इतिहास पाहिला, की मात्र हे उत्तर पुन्हा तपासावेसे वाटते.

विकन फेन ही केंब्रिजजवळची दलदल. केवळ पावसाच्या पाण्यावर पोसलेली दलदल आम्लधर्मी होते. इथे मात्र खडूच्या खडकांतून झिरपलेले, चुना विरघळलेले पाणी येते, म्हणून ही दलदल अल्कधर्मी. पाण्याखाली हवा पोचत नसल्याने मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे थर साचून ‘पीट’ बनते.

सतराव्या शतकापासून शेतीसाठी आसपासच्या दलदलींतले पाणी काढले गेले. पाणी गेले की पीट आकसते, हवा लागून कुजते आणि जमीन खचते. होम फेन येथे १८५० च्या सुमारास पीटमध्ये एक खांब पुरला. तेव्हा जमिनीच्या पातळीत असलेले त्याचे टोक आज सुमारे ४ मीटर वर आहे!

विकन वाचले, कारण गावकऱ्यांना ते उपयोगी होते. छपरे शाकारण्यासाठी ते तिथले सेज नावाचे, लव्हाळ्याच्या कुळातले उंच गवत कापून नेत. या कापणीची नोंद १४१४ पासून सापडते. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्टने इथली २ एकर जमीन १० पौंडांना विकत घेतली, आणि संरक्षण सुरू झाले.

पण सेजची मागणी घटली, कापणी थांबली आणि दलदलीत झुडपे माजली. असे का व्हावे? वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी गॉडविन यांनी १९२७ मध्ये साधा प्रयोग मांडला. जमिनीचे काही पट्टे दरवर्षी, काही दोन, तीन, चार वर्षांनी कापायचे. एक पट्टा तसाच सोडायचा. न कापलेल्या पट्ट्यात झुडपे वाढली. चार वर्षांनी कापलेल्या पट्ट्यात सेज टिकले. म्हणजे ज्याला आपण ‘नैसर्गिक’ दलदल समजत होतो, ती गावकऱ्यांच्या विळ्यानेही घडवली होती.

हे ध्यानात येईपर्यंत बरेच काही हातचे गेले होते. स्वॅलोटेल फुलपाखरू १९५० च्या सुमारास इथून नाहीसे झाले. १९७५ मध्ये ते पुन्हा सोडले, तरी टिकले नाही. भोवतालची शेते खचल्याने विकन उंचावर राहिले आहे. त्यामुळे पाणी बाहेर झिरपते. चुनायुक्त पाणी पुरेसे न पोचता पावसाचेच पाणी उरले, तर वरचा थर आम्लधर्मी होऊ लागतो. म्हणून नुसती कापणी पुरत नाही, योग्य पाणीही राखावे लागते. १९९९ मध्ये ट्रस्टने शेजारची शेतजमीन घेऊन ५३ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तार करण्याची १०० वर्षांची योजना आखली. बिघडलेले सुधारायला शतक लागणार आहे.

शाळेच्या आवारात एक मीटरचे दोन चौकोन आखा. एकातले गवत ठरावीक काळाने कापा, दुसरे तसेच राहू द्या. दोन्हींतल्या वनस्पतींच्या जाती वर्षभर मोजा. उत्तर मुलांनाच शोधू द्या.