हिराई, चांद्याची राणी

हिराई (कारभाराचा काळ १७०४ ते १७१९) : चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर येथील राजगोंड घराण्यातील राणी. बीरशहाची पत्नी आणि रामशहाची दत्तक आई. पतीच्या हत्येनंतर रिकामी पडलेली गादी तिने दत्तक मुलाच्या नावाने पंधरा वर्षे राखली. बीरशहाची समाधी, अंचलेश्वराच्या देवळाची पुनर्बांधणी आणि महाकालीचे आजचे देऊळ ही तिची मुख्य बांधकामे होत. उत्तर मध्ययुगात दख्खनच्या पूर्व टोकाला एका स्त्रीने राज्य कसे सावरले, हे समजून घ्यायचे तर हिराईच्या घराण्यापासून सुरुवात करावी लागते.

घराणे : चांद्याचे गोंडराजे आत्राम कुळातले. त्यांचे मूळ ठाणे सिरपूर. हे गाव वर्धा नदीच्या दक्षिणेला, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. २०१६ मध्ये तेलंगणातील जिल्ह्यांची फेररचना झाल्यापासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. भीम बल्लाळसिंह हा घराण्याचा मूळपुरुष, असे परंपरा मानते. गोंडांची वस्ती आणि सत्ता वर्धेच्या दोन्ही काठांना होती. जंगलात दडलेला माणिकगड, राजुऱ्याचा मुलूख, उटनूरचा डोंगराळ भाग हे सगळे त्याच जगाचे भाग. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजची राज्यसीमा डोळ्यांपुढे ठेवून हा इतिहास वाचला तर तो अर्धाच हाती लागतो.

राजधानी सिरपुराहून बल्लारपूरला आणि तिथून चंद्रपूरला कशी आली, याची कथा खांडक्या बल्लाळशहाशी जोडलेली आहे. त्याच्या अंगावर गाठी उठत, औषधाने गुण येत नसे. तेव्हा राणीने त्याला सिरपूर सोडून वर्धेच्या उत्तर काठावर राहायला नेले. तिथे बल्लारपूरचा किल्ला झाला. पुढे शिकारीच्या वाटेवर तहानलेल्या राजाने झरपट नदीच्या पात्रातल्या एका डबक्यातले पाणी प्यायले, हातपाय धुतले, आणि अंगावरच्या गाठी गेल्या. त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. जवळच एक ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागलेला राजाने पाहिला. राणीने ही जागा शुभ मानली आणि तिथेच शहर वसवण्याचा सल्ला दिला. कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजधानी दोनदा हलली आणि दोन्ही वेळा निर्णय राणीचा होता, हे घराण्याने स्वतःच्याच कथेत जपून ठेवले आहे.

अकबराच्या काळात बाबाजी बल्लाळशहा गादीवर होता. ऐन-इ-अकबरीत त्याच्याकडे १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याची आणि वैरागडला हिऱ्यांची खाण असल्याची नोंद आहे. पुढच्या शतकात मोगलांची खंडणी मानेला बसली. १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि मोठी रक्कम वसूल करून गेला. हिराई सून म्हणून आली ती अशा घराण्यात, जिथे तट जुने आणि भक्कम होते, पण तिजोरीवर दुसऱ्याचा डोळा होता.

पती आणि कन्या : बीरशहा आणि हिराई यांच्या संसाराबद्दल जे टिकले आहे त्यात मुलगी मानकुंवर हिची कथा सर्वांत ठळक आहे. ती देवगडच्या गोंड राजघराण्यातील दुर्गपालाला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला. ते ऐकून बीरशहा फौज घेऊन निघाला आणि दुर्गपालाचे मस्तक तुला वाहीन, असे त्याने महाकालीला बोलून ठेवले. लढाईत राजाची तलवार म्यानातून निघेना. त्याने देवीचा धावा केला, तेव्हा ती आपसूक बाहेर आली आणि दुर्गपाल पडला. नवस फेडला गेला. महाकालीच्या देवळावर दुर्गपालाच्या मस्तकाची दगडी प्रतिमा असून तिचे तोंड देवगडच्या दिशेला आहे, असे चंद्रपुरात आजही सांगतात.

लेकीच्या अपमानासाठी बाप युद्धाला उभा राहिला, एवढाच या कथेचा अर्थ नाही. चांदा आणि देवगड ही दोन्ही गोंडांचीच राज्ये. सोयरीक हा त्यांच्यातला दुवा होता आणि तो या प्रसंगाने तुटला. देवगडच्या बख्तबुलंदशहाने १६८६ च्या सुमारास औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला होता. त्यामुळे शेजारच्या गोंड राज्याचा आधार चांद्याला तसाही उरला नव्हता. पतीमागे हिराईच्या वाट्याला जे एकटेपण आले, त्याची सुरुवात इथे झाली.

हत्या आणि दत्तक : १७०४ मध्ये बीरशहाचा खून झाला. मारेकरी हिरामण नावाचा रजपूत, राजाच्या खास पहाऱ्यातला. त्याच्याजवळ मंतरलेली तलवार आहे असा बोलबाला होता. ती दाखव, असे राजा वारंवार म्हणे आणि हिरामण टाळत असे. राजाच्या दुसऱ्या लग्नाच्या समारंभात पुन्हा हीच गोष्ट निघाली, हिरामण चिडला आणि त्याने त्याच तलवारीने राजाला कापले, असे परंपरा सांगते.

राजाला मुलगा नव्हता. अशा वेळी भाऊबंदांत गादीसाठी झोंबाझोंबी होते आणि बाहेरचा कोणी मदतीला म्हणून येऊन मालक होऊन बसतो. शेजारच्या देवगडला पुढे नेमके हेच झाले. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारल्यावर वारशाचा तंटा पेटला, त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने नागपूरकर रघूजी भोसल्यांना बोलावले आणि काही वर्षांत देवगडचे राज्य भोसल्यांच्या खिशात गेले. हिराईने ती वेळ येऊ दिली नाही. चंदनखेड्याच्या नातलग घराण्यातील रामशहा हा मुलगा तिने दत्तक घेतला, गादी त्याच्या नावे केली आणि कारभार स्वतःच्या हाती ठेवला. निवड घराण्यातलीच असल्याने भाऊबंदांना बोलायला जागा उरली नाही. मुलगा लहान असल्याने राज्याची घडी बसवायला तिला हवा तेवढा वेळही मिळाला. तिच्या साऱ्या आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा निर्णय मानावा लागेल.

कारभार : तिची पंधरा वर्षे दख्खनच्या इतिहासातली फार अस्थिर वर्षे होती. १७०७ मध्ये औरंगजेब वारला. शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांत सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा शाहूंना मिळाल्या. त्यात वऱ्हाड होता, म्हणजे मराठ्यांची वसुली चांद्याच्या उंबरठ्याशी आली. त्याच वर्षी रामशहाने कारभार हाती घेतला. एवढ्या उलथापालथीत चांद्याची गादी हलली नाही.

मराठी वाचकाला इथे ताराबाई आठवेल. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर तिनेही मुलाच्या नावाने राज्य चालवले. गोंडांतच पाहायचे तर गढा-मंडल्याची दुर्गावती समोर येते. मुलगा वीरनारायण याच्या वतीने राज्य करून १५६४ मध्ये ती मोगलांशी लढताना पडली. दोघींची नावे लढायांमुळे घरोघरी गेली. हिराईच्या नावावर गाजलेली लढाई नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात तिला जागा कमी. राज्य शाबूत ठेवून ते सज्ञान वारसाच्या हाती सोपवणे ही कामगिरी लढाईपेक्षा लहान कशी ठरते, हे प्रस्तुत लेखकाला उमगलेले नाही.

बांधकामे : हिराईची खरी बखर दगडात आहे. झरपटेच्या काठी, अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंडराजांच्या समाध्यांचे आवार आहे. त्यातली सर्वांत मोठी आणि देखणी समाधी बीरशहाची; ती हिराईने बांधली. शेजारीच अंचलेश्वराचे देऊळ. खांडक्या बल्लाळशहाच्या कथेतले, म्हणजे घराण्याच्या भाग्योदयाचे हे ठिकाण. ते हिराईने नव्याने उभे केले. बाहेरच्या भिंतींवर शिल्पपट्टांच्या ओळी आहेत. जवळ जाऊन एकेक पट्ट पाहिला तर देवदेवतांबरोबर माणसे आणि जनावरे दाटीने कोरलेली दिसतात. नवऱ्याची समाधी तिने मूळपुरुषाइतक्याच मानाच्या या देवळालगत बांधली, यात निव्वळ शोक नव्हता. मुलगा दत्तक असला तरी गादी तीच आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे अशी ती जागा आहे.

महाकालीचे देऊळ त्याच बाजूला, तटाबाहेर. तिथे देवीचे जुने ठाणे होते. आजचे मोठे देऊळ हिराईच्या काळचे. आत देवीच्या दोन मूर्ती आहेत, त्यांतली एक जमिनीच्या पातळीखाली भुयारात. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते आणि तिची मुख्य गर्दी चंद्रपूरची नसते. नांदेड, परभणी, किनवट आणि आदिलाबादकडून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, झरपटेत अंघोळ करतात, आसूड ओढणारे पोतराज असतात, रात्रभर देवीची गाणी चालतात. जुन्या गोंड राज्याची दक्षिण बाजू वर्षातून एकदा आपल्या राजधानीला येते. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे होत आली तरी हा रस्ता बंद झालेला नाही.

शहराभोवतीच्या तटाला चंद्रपूरकर परकोट म्हणतात. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. त्याशिवाय हनुमान, विठोबा, चोर, मसण आणि बगड अशा पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीवर झेपावलेल्या सिंहाचे राजचिन्ह आहे. परकोट हिराईच्या कितीतरी आधीचा; तिने बांधलेली दोन्ही देवळे आणि समाधी त्याच्या पूर्व अंगाला लागून आहेत.

पुढची पिढी : रामशहाने १७३५ पर्यंत राज्य केले. तो देवभोळा आणि न्यायी म्हणून ओळखला गेला. राज्य घेण्याच्या इराद्याने आलेले रघूजी भोसले त्याला भेटून आदराने परत गेले, अशी आठवण नोंदलेली आहे. त्याचा मुलगा नीलकंठशहा मात्र बापासारखा निघाला नाही. वडिलांचा विश्वासू दिवाण महादजी वैद्य याला त्याने ठार केले आणि रयत व सरदार दोघेही त्याच्यावर उलटले. रघूजींनी ही संधी साधली. १७५१ मध्ये नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि चांद्याचे राज्य नागपूरकरांकडे गेले. हिराईने सांभाळलेली गादी तिच्या नातवाच्या हातून गेली.

नोंदी आणि स्मृती : इंग्रजी अमदानीत चांद्याच्या राजांच्या ज्या वंशावळी तयार झाल्या त्यांत बीरशहाच्या पाठोपाठ रामशहा येतो, मधली पंधरा वर्षे कोणा राजाच्या खात्यात मिसळून जातात. पुरुषांच्या नावाने काळ मोजण्याच्या रीतीचा हा परिणाम. हिराईची आठवण टिकली ती लोकांच्या बोलण्यात. जुन्या आदिलाबाद भागात अशा आठवणी परधानांच्या परंपरेने जपल्या. परधान हे राजगोंडांचे पिढीजात गायक. किंगरीवर ते कुळांचे आणि राजांचे आख्यान लावतात. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला, तेव्हा या परधानांची घरची भाषा मराठी असल्याचे त्यांनी नोंदवले. गोंडांचा इतिहास मराठीत सांगणारी ही माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

चंद्रपूरचा परकोट आणि गोंडराजांच्या समाध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तटावरची झाडेझुडपे तोडून परकोटाची दीर्घकाळ सफाई केली. समाधीच्या आवाराला लोक ‘गोंडराजाची समाधी’ म्हणतात. ती बांधणाऱ्या राणीचे नावही तिथल्या माहितीत तितक्याच ठळकपणे असायला हवे.