मुरेनाचे शेजारी : दोन हजार वर्षं जुना प्रश्न

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. मधली पाल्हाळ कापली आहे, बाकी सगळं जसंच्या तसं.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून. मागच्या वर्षी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मी एक स्नोफ्लेक ईल आणली. मोरे ईल म्हणतात ना, त्यातलाच हा लहान आणि त्यामानाने शांत प्रकार. बाजारात आपण जी वाम घेतो तिची ही लांबची नातेवाईक. टाकीत आधीपासून दोन क्लीनर श्रिंप होत्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या कोळंब्या. समुद्रात या कोळंब्या मोरेच्या तोंडात शिरून साफसफाई करतात, असे व्हिडिओ मी शंभरदा पाहिले होते. म्हटलं, यांची दोस्ती पक्की! चौथ्या दिवशी सकाळी टाकीत एकही कोळंबी नव्हती.

आई म्हणाली, "अरे, तू तिच्यासमोर ताट वाढून ठेवलंस. तिने खाल्लं, यात तिचा काय दोष?"

ऑफिसात सिस्टिम पडली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, हा बग आधी कुणाला आला होता का? मी तसंच शोधायला बसलो. आणि उत्तर सापडलं थेट प्राचीन रोममध्ये.

झालं असं की इ. स. पूर्व पहिल्या शतकात रोमच्या श्रीमंतांना माशांचं वेड लागलं होतं. नेपल्सच्या आखाताजवळ आणि आसपासच्या किनाऱ्यावर बंगले बांधायचे आणि बंगल्यालगत समुद्राच्या पाण्याचे तलाव. त्या तलावातला मानाचा मासा म्हणजे मुरेना, अर्थात भूमध्य समुद्रातली मोरे ईल. हिची लांबी दीड मीटरपर्यंत जाते. सिसेरो या मंडळींना चिडून 'तलाववाले' म्हणायचा. देश बुडत चाललाय आणि यांना माशांची पडलीये, असा त्याचा राग होता.

वेड किती? प्लिनी सांगतो की ज्युलियस सीझरच्या विजयाच्या मेजवान्यांसाठी हिरियस नावाच्या गृहस्थाने ६,००० मुरेना दिल्या. विकत नाही हं, उसन्या! पैसे नकोत, मोजून नेल्यात तशा परत करा. क्रासस नावाच्या बड्या वक्त्याची मुरेना मेली तर तो ढसाढसा रडला. इ. स. पूर्व ९२ मध्ये त्याच्याबरोबर सेन्सॉरच्या पदावर असलेल्या डोमिशियसने त्यावरून टोमणा मारला. क्राससने उलट टोला हाणला की तू तीन बायका पुरल्यास, एकीसाठी तरी रडलास का? अँटोनिया नावाच्या राजघराण्यातल्या बाईने तर आपल्या लाडक्या मुरेनाला कानातले घातले होते, असंही प्लिनी लिहितो. ईलला कान असतात कुठे, हे मला विचारू नका.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. इतक्या महागड्या ईलसोबत दुसरे कुठले मासे ठेवायचे? हा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि त्यांनी तो लिहूनही ठेवलाय.

वॅरोने इ. स. पूर्व ३७ मध्ये शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, चित्रकाराच्या पेटीत प्रत्येक रंगाला जसा वेगळा खण असतो, तसे या श्रीमंतांच्या तलावात वेगवेगळ्या माशांसाठी वेगवेगळे खण असतात. म्हणजे त्यांनी पार्टिशन घातलं होतं! आजची टाकीत घालायची जाळी आणि ते खण, कल्पना एकच.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आलेला कोलुमेला आणखी बारकाईने लिहितो. तलावाच्या भिंतीत खवल्यांच्या माशांसाठी सरळ, साधी बिळं करा आणि मुरेनासाठी शंखासारखी आत वळत जाणारी, फार ऐसपैस नसलेली. पाणी खेळतं राहावं म्हणून समुद्राकडे वाट ठेवा, पण तिला बारीक भोकांची पितळी जाळी लावा, नाहीतर मासे पळतील. आणि मग तो एक इशारा नोंदवतो. काही जणांना मुरेना इतर माशांत मिसळणं पसंत नाही, कारण कुत्रा पिसाळतो तशी ती कधीकधी पिसाळते, खवल्यांच्या माशांच्या मागे लागते आणि बहुतेकांचा फडशा पाडते.

हे वाचून मी गार पडलो. लपायला जागा, बंद झाकण, वेगळे शेजारी. जो सल्ला आज कुठलाही अनुभवी माणूस देईल, तो सगळा दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला. आणि मी दोन हजार वर्षांचं डॉक्युमेंटेशन न वाचता थेट लाइव्ह गेलो होतो.

फक्त 'पिसाळते' हे कोलुमेलाचं निदान चुकलं. मोरेची नजर अधू, नाक तल्लख. तोंडात मावेल आणि खाण्यासारखा वास येईल ते तिच्या लेखी जेवण. तिचं गिळण्याचं यंत्र तर २००७ मध्ये नीट कळलं. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी दाखवलं की मोरेच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे सरकते, भक्ष्य पकडते आणि आत ओढते. त्यात माझ्या स्नोफ्लेकचे दात बोथट, खेकडे आणि कोळंबी फोडायलाच बनलेले. मी नेमकी तीच तिच्या शेजारी ठेवली!

आणि म्हणून मोरेला शेजारी चालतच नाहीत, असंही नाही. २००६ मध्ये रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातली एक गंमत मांडली. ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीचा मासा, मोरेच्या बिळासमोर जाऊन डोकं हलवतो आणि तिला शिकारीला बोलावतो. मोरे फटीत शिरते, ग्रूपर बाहेर थांबतो. शिकार कधी याला मिळते, कधी तिला. जमतं कारण ग्रूपर तिच्या तोंडात मावत नाही आणि दोघांनाही हवं तेव्हा निघून जाता येतं.

हे 'निघून जाता येणं' घरच्या टाकीत नसतं. रोमन तलावात भरती-ओहोटीबरोबर पाणी तरी बदलायचं. काचेची बंद टाकी ही १९व्या शतकातली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी स्वच्छ कसं राहतं ते मांडलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपलं तारापोरवाला मत्स्यालय आलं १९५१ मध्ये. काचेमुळे आपल्याला मासे दिसायला लागले, पण माशांना पळायला जागा उरली नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा एपिसोड केला. वेडियस पोलिओ हा सम्राट ऑगस्टसचा श्रीमंत मित्र. एकदा ऑगस्टस त्याच्याकडे जेवायला होता. एका गुलाम पोराच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओने हुकूम सोडला, याला मुरेनांच्या तलावात टाका. सेनेका लिहितो की पोरगा हातातून निसटला आणि सम्राटाच्या पायाशी आला. त्याने जीव मागितला नाही. मरण दुसऱ्या कुठल्या तरी तऱ्हेने येऊ दे, एवढंच मागितलं. ऑगस्टसने त्याला सोडवलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले आपल्यासमोर फोडायला लावले आणि तो तलाव बुजवून टाकला.

शतकानुशतकं या गोष्टीत मुरेना राक्षस ठरली. पण बघा ना, तलाव बांधला कुणी? हुकूम कुणी दिला? ईल तर आपल्या बिळात बसली होती. त्या घरात पिसाळलेलं कोण होतं, हे सांगायला कोलुमेला लागत नाही.

माझी चूक पोलिओच्या पासंगालाही पुरणार नाही, कबूल. पण कोण कुणाशेजारी राहणार हे ठरवणारा हात त्या टाकीपुरता माझाच होता आणि दोन कोळंब्या गेल्यावर मी आठवडाभर ईलवर रुसून बसलो होतो.

आता माझ्या टाकीत झाकण घट्ट आहे, दगडांत वळणाची बिळं आहेत आणि ईलसोबत एकच मोठा, अंगापिंडाने रुंद टँग मासा आहे. कोळंबी तिला चिमट्याने भरवतो. तुम्ही ईल आणायच्या विचारात असाल तर आधी विचारा, शेजारी तिच्या तोंडात मावतो का? आणि बिनसलंच तर दुसरी टाकी तयार आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर थोडं थांबा.

पुढच्या भागात भेटू. तोवर झाकण लावायला विसरू नका!